निळ्या शाईच्या एकशेवीस बाटल्या

आमच्या मोई-ज्येला डॉक्टरांनी ऊन लिहून दिलं होतं. चिठ्ठीवर, सही-शिक्क्यासकट. 'रोज सकाळी अर्धा तास, हातापायांवर.' हाडं ठिसूळ झालीत, गोळ्या घ्याच, पण नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तिने ती चिठ्ठी माझ्या डब्याशेजारी ठेवली.

"आ-सिन, हे औषध कुठल्या दुकानात मिळतं रे?"

"रविवारी फुकट वाटतात," मी म्हणालो.

"रविवारी दुकान बंद असतं. ढग असतात," ती म्हणाली आणि चिठ्ठीची बारीक घडी घालून ती टोपीत खोचून ठेवली.

खरं नाव चुंग छिउ-मोई. ज्ये म्हणजे ताई. मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी तिला ज्येच म्हणायचो, कारण आमच्या प्रयोगशाळेत वय धरायचं ते आत किती वर्षं बसला त्यावरून, आणि त्या हिशेबात ती चोवीस वर्षांची आणि मी बावीसचा.

प्रयोगशाळा तैपेईच्या दक्षिणेला, म्याओलीच्या डोंगरात, संत्र्यांच्या उतारावर. बाहेरून पाहिलं तर खिडक्या ठेवायला विसरलेली शाळा. आत झाडांची रोपं बाटल्यांत वाढवतात. मी तिथला आचारी. माणसांचा नव्हे, झाडांचा. साखर, क्षार आणि समुद्रशेवाळाची खळ मोठ्या कुकरमध्ये शिजवायची आणि गरम गरम बाटल्यांत वाढायची. बावीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने मीठ जास्त झालं म्हणून ताट परत पाठवलेलं नाही. आवडलं नाही तर ती सरळ मरून दाखवतात.

मोई-ज्येचं काम कापायचं. गार हवेचा झोत सोडणाऱ्या काचेच्या कपाटात हात घालून, चिमटा आणि सुरी घेऊन, एका कोंबाचे दहा तुकडे. प्रत्येक तुकड्याचं एक रोप, त्याचे पुन्हा दहा. सगळी एकमेकांसारखी, हुबेहूब. या कामात बुरशी ही खरी मालकीण. श्वास चुकला, बाही लागली की बाटली गेली. दुसऱ्या बायकांच्या शंभरात दहा-बारा जायच्या. मोई-ज्येच्या दोन. तिचा हात चांगला होता, आणि तिची सगळी अडचण त्या हातातच होती.

कारण आत शिरायचं म्हणजे चपला बदला, कोपरापर्यंत हात धुवा, झगा, टोपी, मुखपट्टी, मग हवेच्या झोतात उभं राहून गिरकी घ्या. बाहेर यायचं तर हेच उलट क्रमाने. जाऊन येऊन वीस मिनिटं. सुट्टी चाळीस मिनिटांची, जेवायला पंधरा. उन्हासाठी पाच मिनिटं उरायची, तीही गाठ सोडण्यात जायची. हिवाळ्यात सकाळी सातला आत, संध्याकाळी साडेपाचला बाहेर, तोवर सूर्य डोंगरामागे.

आणि शंभर पावलांवर, वरच्या उतारावर, आमचीच रोपवाटिका होती. बाटलीतून काढलेली रोपं तिथे जाळीखाली मातीत लावायची, हळूहळू वाऱ्याला सरावायची. तिथे लाय-पाक नावाचे म्हातारे काका दिवसभर टोपी मागे सरकवून बसत. ते या वर्षी नव्या वर्षानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला, दिव्यांच्या सणाच्या दिवशी, काम सोडणार होते. मोई-ज्येला त्यांची जागा हवी होती. बाकी तिचं जगाकडे काहीच मागणं नव्हतं.

तिने मालकांना, फंग साहेबांना, तीन वेळा विचारलं. एकदा सरळ, एकदा रडून, एकदा घरची खारवलेली मोहरीची भाजी नेऊन. भाजी त्यांनी घेतली.

"मोई-ज्ये, तू बाहेर गेलीस तर आत कोण?"

"मुली आहेत की."

"मुली! तू शिकवतेस, हात बसतो, आणि हात बसला की पोरगी शिंचूच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात. तिथेही झगा आणि टोपीच, फक्त पगार दुप्पट. तू तशी नाहीस."

यात कौतुक होतं हे मालकांना अगदी मनापासून वाटत असे. ती तशी नव्हती, कारण सत्तावन्नाव्या वर्षी तिला शिंचूत कुणी विचारलं नसतं, आणि साठीच्या आत सोडलं तर निवृत्तीचे पैसे निम्मे होत होते. ती आत गेली.

मग न्यू-चांगचं प्रकरण आलं. न्यू-चांग म्हणजे आमच्या डोंगरातला कापराच्या जातीचा महावृक्ष. चोरांनी तोडून तोडून संपवत आणलेला, त्यामुळे रोपांना मागणी भलतीच. पण झाड हट्टी. बाटलीत कोंब फुटायचे, पानं यायची, मुळं मात्र फार थोड्यांना. मी सात प्रकारची खळ करून पाहिली. ती पानं हलवायची आणि बसून राहायची.

महिन्याच्या सोळाव्या दिवशी मालक अंगणातल्या पाकगुंगपुढे फळं आणि बिअरचा डबा ठेवतात. पाकगुंग म्हणजे आमचा जमिनीचा देव. गुडघ्याएवढी देवळी, आत दाढीवाले आजोबा. त्या दिवशी उदबत्ती लावून झाल्यावर मोई-ज्ये तिथेच उभी राहिली.

"साहेब, न्यू-चांगला मुळं आणून दिली तर सोडाल?"

मालकांच्या हातात अजून उदबत्तीचा धूर होता. देवासमोर माणूस थोडा उदार होतो. "शंभरात ऐंशीला मुळं," ते म्हणाले, "आणि लाय-पाक जायच्या आत. मग वाटिका तुझी. यांच्यासमोर सांगतो."

ऐंशीचा आकडा त्यांना कुठून सुचला कोण जाणे. तोवर आमची धाव तिशीपर्यंत होती.

त्याच महिन्यात डॉक्टर फान आल्या. औषधाच्या नव्हेत, झाडांच्या. तिशी ओलांडलेली, खांद्यापर्यंत केस, सात वर्षं हॉलंडात राहून आलेली मुलगी, बोलायला गोड. त्यांनी माझी खळ चाखल्यासारखी पाहिली आणि म्हणाल्या, "आ-सिन शू, जेवण छान आहे. दिवे वाईट आहेत."

मला त्या तिथल्या तिथे आवडल्या. शू म्हणजे काका.

त्यांचं म्हणणं असं, की झाड उजेड खातं, आणि उजेडाच्या प्रत्येक रंगाची चव वेगळी. त्यांनी चार मांडण्या काळ्या पडद्यांनी वेगळ्या केल्या. एकीवर पांढरे दिवे, एकीवर तांबडे, एकीवर निळे, चौथीवर तांबडे-निळे मिळून. प्रत्येकीत साठ बाटल्या, एका बाटलीत एक रोप. सगळी मोई-ज्येने एका दिवसात, एका हाताने कापलेली. मुदत आठ आठवडे.

आता ती रोज पडद्यांआड जाऊन बुरशी बघायची. तांबड्या मांडणीत अर्धा तास घालवून बाहेर आली की तिला सगळं जग हिरवट दिसायचं.

"आ-सिन, तुझी तब्येत बरी नाही का? हिरवा पडलायस."

"माझी बायको तीस वर्षं हेच म्हणतेय. तिला कुठले दिवे लावलेत?"

तिसऱ्या आठवड्यात फरक दिसायला लागला. तांबड्याखालची रोपं सरसरून उंच गेली, बारीक आणि फिकट, लग्नात मान ताणून फोटोत शिरणाऱ्या पाहुण्यांसारखी. निळ्याखालची बुटकी राहिली, पण देठ जाड, पानं गडद. मालक येऊन तांबड्या मांडणीपुढे खूश झाले. त्यांना जगात उंच तेवढं चांगलं वाटतं. मोई-ज्ये निळ्या पडद्याआडून बाहेर आली आणि माझ्या कानात म्हणाली, "तळाशी बघ. पांढरं काहीतरी निघालंय. मुळं आहेत रे ती." मुखपट्टीवर फक्त डोळे दिसतात, पण बावीस वर्षांनी डोळे पुरतात.

यापुढचं घडलं ते डॉक्टर तैपेईला परिषदेला गेल्या त्या आठवड्यात. तांबड्या मांडणीतला एक दिवा गेला. आमच्याकडे आचाऱ्याने दिवेही बदलायचे असतात. मी शिडीवर चढलो, आणि मोई-ज्येने साधी बॅटरी धरली.

बॅटरीचा पांढरा झोत बाटल्यांवर पडला आणि तो तिथेच थांबला.

"ज्ये, वर धर. ज्ये?"

ती वर धरीना. मी वाकून पाहिलं. प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर कापणाऱ्याचं नाव, तारीख आणि नंबर असतो. चुंग छिउ-मोई. चुंग छिउ-मोई. चुंग छिउ-मोई. साठ वेळा. तांबड्या शाईत.

जिवंत माणसाचं नाव तांबड्या शाईत लिहायचं नसतं, हे आमच्याकडे पोरं अक्षर गिरवायच्या आधी शिकतात. पण डॉक्टरांनी सोय म्हणून दिव्याच्या रंगाची शाई वापरली होती. पांढऱ्या दिव्याला काळी, निळ्याला निळी, मिश्रणाला हिरवी, तांबड्याला तांबडी. हॉलंडात नावांना शाई बाधत नसावी. आणि तांबड्या दिव्याखाली तांबडी शाई कागदात विरून जाते, म्हणून महिनाभर मोई-ज्येला त्या चिठ्ठ्या कोऱ्याच दिसल्या होत्या. डॉक्टर लिहायचं विसरल्या असतील, असं ती समजून चालली होती.

"म्हणून," ती म्हणाली. "म्हणून माझी हाडं."

"हाडं त्याआधीची आहेत गं."

"तू गप्प बस. तुझं नाव आहे का त्यात?" मग हळूच म्हणाली, "पेन आहे?"

माझ्या खिशात पेन होतं. निळं. या गोष्टीतली माझी कामगिरी एवढीच, आणि ती भरपूर झाली.

आपण डॉक्टरांना सांगू, असं मी म्हणालो. तिने मान हलवली. "एवढी शिकलेली पोर. म्हणेल बाई खुळी आहे, शाईला भिते. आणि बाटल्या कुठे चालल्यात? या तांबड्या पडद्याआड, त्या निळ्या. कोण गोंधळणार आहे?" तांबड्या मांडणीत चिठ्ठ्या वाचता येत नाहीत हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी माझ्यापाशी हसून मान्य केलं होतं, त्यामुळे तिथे वाचायला कुणी जातच नव्हतं.

तिने साठ चिठ्ठ्या सोलून काढल्या आणि साठ नव्या लिहिल्या. दोन तास लागले. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून डॉक्टरांच्याच अक्षरात लिहिल्या. ते तिरकं, धावतं, शेपट्या तुटलेलं अक्षर तिने इतकं बेमालूम उचललं की मी थक्क झालो. पण त्यात नवल नव्हतं. एकासारखं दुसरं, दुसऱ्यासारखं तिसरं, चोवीस वर्षं ती दुसरं काय करत होती?

आठ आठवडे भरले. मोजणीच्या सकाळी डॉक्टरांनी सगळ्या बाटल्या पांढऱ्या दिव्याच्या खोलीत आणल्या, प्रत्येक चिठ्ठीवर कागदाची टोपी चढवली आणि मोठ्या टेबलावर दोनशे चाळीस बाटल्या पत्त्यांसारख्या पिसायला घेतल्या.

"हे काय करताय?" मोई-ज्येचा आवाज.

"मोजणाऱ्याला कुठल्या दिव्याची बाटली ते कळता कामा नये, ज्ये. नाहीतर मन आवडत्या रोपाकडे झुकतं."

मी मोई-ज्येकडे पाहिलं. तिने टेबलाची कड धरली होती. त्या क्षणी बोलली असती तर कदाचित अर्ध्या बाटल्या वाचल्या असत्या. पण मालक शेजारी उभे होते, आणि डॉक्टरांचे हात फार झपाझप चालत होते.

मोजणी संपली. टोप्या काढून डॉक्टर वाचायला लागल्या. "काळ्या शाईच्या साठ, मुळं एकतीसला. हिरव्या साठ, चव्वेचाळीस. तांबड्या..." त्या थांबल्या. "तांबड्या कुठायत? निळ्या एकशेवीस कशा?"

"दुप्पट झाल्या?" मालक म्हणाले. "उत्तम!"

मोई-ज्येने मुखपट्टी काढली. त्या खोलीत मुखपट्टी काढायची नसते. "मी बदलल्या," ती म्हणाली. "माझं नाव होतं. तांबड्या शाईत."

डॉक्टर फान यांचा हात तोंडाशी गेला. "अगं बाई. तांबड्या शाईत. साठ वेळा." त्या खुर्चीत बसल्या. "माझी आजी असती तर मला उभी फोडली असती. ज्ये, माफ करा. खरंच माफ करा."

"मग झालं की," मालक म्हणाले. "तुझं अक्षर कुठलं ते दाखव, म्हणजे वेगळ्या निघतील."

मोई-ज्ये वाकली. सतरा नंबरच्या दोन बाटल्या समोर घेतल्या. "ही तुमची. नाही, ही माझी." पुन्हा पाहिलं. चष्मा पुसला. तेवीसच्या दोन घेतल्या, चाळीसच्या दोन. अर्धा तास गेला. डॉक्टरांनी भिंग आणलं, त्यांनाही आपलं अक्षर ओळखता येईना. "हे माझंच आहे," त्या म्हणायच्या, आणि दुसरी चिठ्ठी पाहून, "हेही माझंच आहे."

"उंच ती तांबड्याची, बुटकी ती निळ्याची," मोई-ज्ये शेवटी म्हणाली. "आंधळ्याला कळेल!"

"मला कळतंय, ज्ये." डॉक्टरांचे डोळे भरले होते. "पण तेच तर सिद्ध करायचं होतं. बुटकी म्हणून निळ्याखाली ठेवली, आणि मग म्हटलं निळ्याखाली रोपं बुटकी होतात, तर ते उत्तर बघून प्रश्न लिहिल्यासारखं होईल. कुणी मानणार नाही."

एकशेवीसपैकी एकाहत्तरला मुळं होती. मालकांनी मोबाइलवर भागाकार केला. शंभरात एकोणसाठ.

मालक दुष्ट नाहीत. दुष्ट असते तर सोपं गेलं असतं. ते उठून अंगणात गेले, आम्ही मागोमाग. त्यांनी पाकगुंगपुढचे दोन लाकडी चंद्रकोरी तुकडे उचलले, कपाळाला लावले आणि विचारलं, "अट पूर्ण झाली धरू का?" एक पालथा, एक उताणा पडला तर देवाचा होकार. दोन्ही पालथे पडले तर नकार. दोन्ही उताणे पडले. म्हणजे देव नुसता हसला. पुन्हा टाकले, पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही.

"हसणारच," मोई-ज्ये म्हणाली. "त्याला काय, दिवसभर उन्हात बसलाय."

पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचं ठरलं. आठ आठवडे. सणाला सात उरले होते. नवे कोंब तयार व्हायला आणखी तीन दिवस. कुणी मोठ्याने हिशेब केला नाही.

मी लाय-पाकना भेटायला वर गेलो. दहाच दिवस थांबा, म्हणून. ते म्हणाले, "आ-सिन, लेकीने ताओयुआनला माझी खोली रंगवून ठेवलीय. नातवाच्या शाळेच्या वेळा मला पाठ करायला लावल्यात. चोवीस वर्षं ती आत आहे म्हणतोस, मी एकतीस वर्षं बाहेर आहे. मलाही कधीतरी सावलीत जाऊ दे."

दिव्यांच्या सणाला ते गेले. वाटिकेवर मालकांचा पुतण्या आला, तिशीतला, गोरा, उन्हाने काळे पडू म्हणून छत्री घेऊन रोपांना पाणी घालणारा. खालून मोई-ज्येला ती छत्री दिसायची नाही, कारण खिडकी नव्हती. मीच येऊन सांगत असे. नंतर मी सांगणं बंद केलं.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी सगळ्या चिठ्ठ्या शिसपेन्सिलीने लिहिल्या. मोई-ज्येने रोपं कापली, आधीसारखीच. तिला हात बिघडवता आला असता. एका दिवसाचा घाम बाहीवर राहू दिला असता तर तिच्याही शंभरात बारा जाऊ लागल्या असत्या, आणि मग कुणाला तिची एवढी गरज राहिली नसती. हे मी तिला जेवताना बोलून दाखवलं. तिने तांदळाच्या रुंद शेवया भुरकत माझ्याकडे पाहिलं. "रोपांनी माझं काय वाईट केलंय?" असं म्हणाली, आणि विषय संपला.

सणानंतर दहाव्या दिवशी मोजणी झाली. निळ्याखाली साठात बावन्न. शंभरात सत्त्याऐंशी. तांबड्याखाली साठात वीस. डॉक्टरांनी मोई-ज्येला मिठी मारली. मालकांनी डॉक्टरांना, मला आणि चुकून कुकरलाही थोपटलं. जंगलाची कामं घेणाऱ्या लोकांना त्यांनी लगेच फोन केला, आणि संध्याकाळपर्यंत चाळीस हजार रोपांची मागणी आली.

"मोई-ज्ये!" मालक आतल्या काचेपलीकडून ओरडले. "तुझ्यामुळे झालं. आता तर तू जाऊच शकत नाहीस!"

त्यांच्या आवाजात बक्षीस देण्याचा आनंद होता.

डॉक्टर फान भांडल्या. दिलेल्या शब्दाचं काय, म्हणाल्या. शब्द लाय-पाक जायच्या आतचा होता, मालक म्हणाले, आणि ते खरं होतं. दोन मुली तयार झाल्या की सोडतो. कधी तयार होतील? ज्ये शिकवेल तेव्हा. एक मुलगी आली. मे महिन्यात तिचा हात बसला. जूनमध्ये ती शिंचूला गेली.

पण मालकांच्या मनाला कुठेतरी लागलं असावं. एक दिवस ते काचेशी आले. "ज्ये, जायचं सोडून काहीही माग."

"खिडकी," ती म्हणाली.

कापायच्या खोलीला खिडकी पाडता येत नाही, धूळ येते. मालकांनी आठवडाभर विचार केला आणि तैचुंगहून एक चौकट मागवली. खिडकीएवढी, भिंतीवर टांगायची, मागून पांढरे दिवे. त्यावर निळं आभाळ, तीन ढग, कोपऱ्यातून डोकावणारी फुलांची फांदी. बसवायचं काम माझंच. त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना थंड चहा पाजला, आणि स्वतः झगा, टोपी चढवून, गिरकी घेऊन आत आले. मी बटण दाबलं.

"कसं आहे?"

मोई-ज्येने चिमटा खाली ठेवून पाहिलं. "ढग हलत नाहीत."

"हलणारे फार महाग होते," मालक ओशाळून म्हणाले.

"नको, नको. छान आहे," ती घाईघाईने म्हणाली. त्यांचं तोंड उतरलेलं तिला बघवेना.

दोन दिवस ती त्या आभाळासमोर बसून काम करत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाटल्यांची पहिली गाडी घेऊन आत गेलो, तर ती पलीकडच्या टेबलावर, आभाळाकडे पाठ करून बसलेली.

"डोळ्यांवर येतं," ती म्हणाली. "किती आणल्यास?"

"दोनशे."

"आण इकडे."